सुमेरचे धान्य आणि त्रिरश्मीचे व्याज

शालेय विद्यार्थ्यांना प्राचीन इतिहास संगणकावर शिकवण्याच्या पद्धतीचा आरंभ १९६४ च्या सुमारास अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात झाला. तेथील मेबल ॲडिस या शिक्षिकेने आयबीएम कंपनीच्या साहाय्याने 'द सुमेरियन गेम' हा खेळ सहावीच्या विद्यार्थ्यांसाठी रचला. टंकयंत्रासारख्या उपकरणाने दूरच्या मोठ्या संगणकाशी जोडला गेलेला विद्यार्थी मेसोपोटेमियातील लगश या नगराचा राजा होत असे. आलेल्या पिकापैकी प्रजेच्या पोटाला किती, बियाण्याला किती आणि कोठारात किती, हे तो ठरवी आणि त्या निर्णयाचा परिणाम संगणक कागदावर छापून देई. विद्यार्थ्याच्या उत्तरानुसार पुढचा प्रसंग बदलणाऱ्या अशा आज्ञावलीला परस्परसंवादी आज्ञावली म्हणतात. मूळ खेळात चित्रे नव्हती, तरीही शेती, साठवण आणि राज्यसत्ता यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्याला स्वतःच्या निर्णयांतून उलगडत असे.

भारतात शालेय संगणक-शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग १९८४-८५ मध्ये 'क्लास' या केंद्रीय प्रकल्पाने केला आणि त्यासाठी निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. २०१७ मध्ये 'दीक्षा' हा राष्ट्रीय मंच सुरू झाला आणि पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडने विद्यार्थ्याला पाठाशी निगडित चित्रफिती व स्वाध्यायांपर्यंत पोहोचवले. ही सोय मोलाची आहे. मात्र चित्रफीत पाहणारा विद्यार्थी प्रेक्षक राहतो, तर लगशचा राजा झालेल्या विद्यार्थ्याला स्वतः हिशेब करावा लागे.

अशा हिशेबाची अस्सल सामग्री नाशिकजवळ आहे. द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. तेथून त्याच महामार्गाने मुंबईच्या दिशेने काही किलोमीटर गेल्यावर त्रिरश्मी डोंगरातील २४ लेणी, म्हणजेच लोकांच्या तोंडची 'पांडवलेणी', लागतात. त्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. त्यानुसार उषवदाताने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, 'अक्षयनीवी' म्हणून ठेवली. मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज वापरायचे, अशी ही कायम ठेव होती. त्यांपैकी २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, दरमहा शेकडा एक या दराने आणि उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने गुंतवण्यात आले. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळत. हा हिशेब सहावीच्या विद्यार्थ्याला सहज पडताळता येतो: दरमहा २०, वर्षाचे २४० आणि २० भिक्षूंना प्रत्येकी बरोबर १२. दाता, विणकर आणि भिक्षू यांच्या भूमिका घेऊन दर किंवा भिक्षूंची संख्या बदलून पाहण्याची मुभा आज्ञावलीने दिली, तर लेणी केवळ राजाच्या इच्छेवर उभी नव्हती, गावातील कारागिरांच्या पतीवरही ती चालत होती, हे विद्यार्थ्याच्या ध्यानी येईल.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला नहपानाच्या नाण्यांचा साठा याच कथेचा पुढचा भाग सांगतो. १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःचे ठसे पुन्हा उमटवले होते. एकाच नाण्यावरचे दोन ठसे पडद्यावर वेगळे करून त्यांचा क्रम लावताना सत्तांतराचा पुरावा विद्यार्थ्याच्या नजरेसमोर येतो आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला क्षहरात वंशाचा उच्छेदक का म्हटले, याचा उलगडा होतो.

संगणकाची शक्ती १९६४ नंतर अनेक पटींनी वाढली असली, तरी अध्यापनाची कसोटी बदललेली नाही. ज्या आज्ञावलीत विद्यार्थ्याला पुराव्यावरून निर्णय घ्यावा लागतो, तीच इतिहास शिकवते. नाशिकच्या शाळांसाठी अशी आज्ञावली रचू पाहणाऱ्यांनी आरंभ त्रिरश्मीच्या शिलालेखांपासून करावा आणि पडद्यावरचा अभ्यास पुरा होताच मुलांना प्रत्यक्ष लेण्यांपुढे उभे करावे.