हात, इंजिन आणि परवाना : घरी घडवलेल्या विमानाचा इतिहास

कारखान्याऐवजी हौशी कारागिराच्या घरी वा गोठ्यात जोडले गेलेले विमान ‘होमबिल्ट’ म्हणून ओळखले जाते, आणि त्याचे सुटे भाग आराखड्यासह विकत मिळत असतील तर त्या संचाला ‘किट’ म्हणतात. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली अशा कारागिरांची संघटना स्थापन केली. तेथील नियमानुसार घडणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी वा विरंगुळ्यासाठी केलेले असावे लागते, आणि तसे असेल तर त्या विमानाला स्वतंत्र वर्गात नोंदणी मिळते.

या वर्गातील सर्वांत अवघड शाखा टर्बाइनची आहे. टर्बाइन म्हणजे हवा दाबून तिच्यात इंधन जाळणारे आणि तापलेल्या वायूच्या झोताने पात्यांचे चक्र फिरवणारे इंजिन. दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या इंजिनापेक्षा ते शक्तीच्या मानाने हलके असते आणि कमी थरथरते. परंतु आकार लहान केला तरी पात्याचे टोक आणि आवरण यांतील फट त्याच प्रमाणात लहान करता येत नाही, म्हणून वायू निसटतो आणि इंधनाचा खप शक्तीच्या मानाने वाढतो. जिम बीडी यांच्या ‘बीडी-५’ या एकआसनी किटची जेट आवृत्ती १९७३ साली फ्रेंच बनावटीच्या टर्बाइनवर उडाली. मात्र मूळ पिस्टन आवृत्तीच्या इंजिनाचा जर्मन पुरवठादार बुडाल्याने अनेक ग्राहकांकडे इंजिनाविना सांगाडे पडून राहिले. पुढे २०११ साली उडालेल्या ‘सबसोनेक्स’ या छोट्या जेटनेही इंजिन बाहेरूनच, चेक प्रजासत्ताकातून घेतले. सांगाडा घरी घडवता येतो, इंजिन नाही, हा या शाखेचा धडा आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचे ठळक उदाहरण मूळचे पाटण तालुक्यातील वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांचे होय. त्यांच्यापुढे किटही नव्हते. ‘टीएसी-००३’ हे एका इंजिनाचे सहाआसनी विमान त्यांनी स्वतःच्या आराखड्यानुसार मुंबईत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर उभारले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटे करून खाली उतरवण्यात आले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात पुन्हा जोडून मांडण्यात आले. त्यापुढचा प्रवास मात्र कागदांचा होता : २०१७ मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ या क्रमांकाने नोंदणी, २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा चाचणी उड्डाणाचा परवाना, आणि त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून पहिले उड्डाण. यादव यांनी हाती घेतलेला पुढचा प्रकल्प १९ आसनांचा आहे. एवढ्या आसनांच्या विमानांचा वर्ग प्रामुख्याने टर्बाइनचा आहे. कानपूरला तयार होणारे ‘डॉर्निअर २२८’ हे त्या वर्गातील विमान दोन टर्बोप्रॉप इंजिनांवर, म्हणजे टर्बाइनने फिरणाऱ्या पंख्यांवर चालते.

घरगुती घडणीचे दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले आहे. या तालुक्यासाठी विमानही अगदीच अपरिचित वस्तू नाही, कारण शेजारच्या कराडची धावपट्टी १९५५ च्या सुमारास कोयना धरणाच्या कामासाठी बांधली गेली. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी एका लोहार कारागिराने जुन्या भागांतून, दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप घडवली. ती रस्त्याच्या नियमांत बसत नव्हती, आणि २०२२ मध्ये बोलेरोच्या बदल्यात ती महिंद्रा कंपनीकडे गेली.

गच्चीवरचे विमान आणि देवराष्ट्र्याची जीप यांची घडण एकाच जातीची आहे : हाताशी असलेले साहित्य, चुकत शिकण्याची तयारी आणि घरच्यांची साथ. दोहोंत फरक पडला तो नोंदवहीच्या रकान्याचा. विमानासाठी तो रकाना वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याने मिळवला गेला, जीपला मिळाला नाही. म्हणून एकाने धावपट्टी सोडली, तर दुसरीचे धावणे कौतुकाच्या वस्तूपाशी थांबले. पश्चिम महाराष्ट्रातील घरगुती यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना कारागिराच्या हातोडीइतकेच त्या रकान्याकडेही पाहावे लागते.