चोरीची फ्लॉपी आणि कचेरी

१९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना जे अनावृत पत्र लिहिले, त्यात 'अल्टेअर' या संगणकासाठी रचलेली 'बेसिक' ही संगणकभाषा बहुतेकांनी दाम न मोजता उतरवून घेतल्याची तक्रार होती; तेव्हा नुकसान झाले ते कर्त्याचे, उतरवून घेणाऱ्याचे नव्हे. हा क्रम पालटला तो दहा वर्षांनी, लाहोरात.

तेथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी १९८६ मध्ये 'ब्रेन' हा विषाणू रचला, तो आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या बेकायदा प्रतींना आळा बसावा म्हणून, असे त्यांचेच कथन आहे. यंत्र सुरू होताच फ्लॉपीचा जो पहिला भाग वाचला जातो तेथे हा ठाण मांडी, मूळ मजकूर अन्यत्र हलवी आणि ती जागा खराब असल्याची खोटी नोंद करी. नवल हे की, त्याच्या पोटात रचणाऱ्यांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक उघड लिहिलेले होते. परंतु हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपीला साव आणि चोर यांतला भेद कळत नसल्यामुळे, लाहोरच्या त्या बंधूंचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते अशा अमेरिकन विद्यापीठांत तो १९८७ साली पोहोचला, आणि पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्सच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत एका वार्ताहराचे कित्येक महिन्यांचे लेखन त्याच्यापायी गेले.

उतरवून घेणाऱ्याला पुढे कायद्यानेही जाब विचारला: भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली आज्ञावलीला साहित्यकृतीचा दर्जा मिळाला आणि १९९४ च्या दुरुस्तीने ६३ब हे कलम आले: जाणूनबुजून चोरीची आज्ञावली वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. वापर लाभासाठी किंवा व्यापारात नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. व्यवसाय चालविणाऱ्या कचेरीला ही सवलत नाही, आणि ते मला सर्वथा न्याय्य वाटते, कारण तेथील यंत्रात मालकाच्या हिशेबाबरोबर नोकरांची पगारपत्रके आणि अशिलांचे दस्तऐवजही असतात, आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते.

पुढे फ्लॉपी गेली, आणि सॉफ्टवेअरचे परवान्याचे कुलूप तोडणारा 'क्रॅक' आला. तो चालविताना विषाणूरोधक बंद करा अशी सूचना असते, आणि चोरी उघड होईल या भयाने कंपनीच्या दुरुस्त्याही बंद ठेवल्या जातात. विंडोजमधील ज्या छिद्रावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली होती, त्याच छिद्रातून मे महिन्यात 'वॉनाक्राय' जगभर शिरला; ती दुरुस्ती ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि सोडवणुकीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली.