उजव्या पायाचा इतिहास
मी बास गिटार वाजवतो. ड्रम्स शिकायला बसलो, तर हातांआधी उजवा पाय अडखळला. या पायाचाही इतिहास आहे. पूर्वी बँडमध्ये बास ड्रम आणि स्नेअर वाजवायला बऱ्याचदा दोन माणसं लागत. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी वेगवान पेडल आणलं आणि दोघांचं काम एकाला जमू लागलं. १९५१ मध्ये लिओ फेंडरचा प्रिसिजन बास आला. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सनचा बास आणि बेनी बेंजामिनचे ड्रम्स एकजीव झाले. पेडलवर पाय ठेवल्यावर त्यांची जोडी मला उमगली: ठोका क्षणात विरतो, बासचा स्वर मात्र रेंगाळतो. तो कुठे थांबवायचा, ते बासवाल्याच्या हातात असतं.