केंद्रीय विधिमंडळातील वऱ्हाडचा प्रतिनिधी : एक अभ्यासप्रश्न

लोकप्रतिनिधीच्या संसदीय कार्याचा मागोवा घेताना त्याची भाषणे व प्रश्न मोजणे ही पहिली पायरी मानली जाते. परंतु तो सभासद कोणत्या अधिकाराने व कोणत्या आसनावरून बोलत होता हे निश्चित केल्यावाचून त्या संख्येस अर्थ प्राप्त होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्यासारख्या गावाचा दिल्लीतील आवाज शोधू गेल्यास ह्याची प्रचीती येते.

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये बनलेल्या केंद्रीय विधानसभेत अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा ह्या वऱ्हाडच्या चारही जिल्ह्यांना मिळून एकच जागा होती. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती असला, तरी कायद्याने तेथील सार्वभौमत्व निजामाचे होते. त्यामुळे हा प्रांत ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसे, आणि मतदारांनी निवडलेला गृहस्थ सरकारने नियुक्त केल्यावरच सभागृहात बसे. केवळ सभासदांची वर्गवारी पाहणाऱ्या अभ्यासकास असा प्रतिनिधी सरकारचा माणूस वाटण्याचा संभव आहे.

ही जागा १९२४ ते १९३० व पुन्हा १९३५ ते १९४१ ह्या काळात टिळकांचे अनुयायी माधव श्रीहरी तथा लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होती. ह्या दोन कालखंडांमधील वर्षांत सभागृहाच्या इतिवृत्तात त्यांचा शब्द सापडत नाही. म्हणून ते निष्क्रिय होते असे मानणे चुकीचे ठरेल. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनीच केले. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. इतिवृत्तातील मौन हेही येथे साधनच होय.

१९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर त्यांनी मालवीयांसह काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापन केला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. कालपर्यंत सरकारला जाब विचारणारा सभासद आता सरकारच्या वतीने उत्तरे देऊ लागला. तेव्हा ह्या दोन काळांतील भाषणे एकाच मापाने मोजता येत नाहीत. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी ते पद सोडले.

१९६२ मध्ये अणे नागपुरातून लोकसभेवर निवडून आले व स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते म्हणून तेथे बसले. परंतु नांदुऱ्याचा मतदार तेव्हा त्यांच्या मतदारसंघात राहिला नव्हता. पुढे २००८ च्या पुनर्रचनेत मलकापूर विधानसभा मतदारसंघासह नांदुरा खानदेशातील रावेर लोकसभा मतदारसंघास जोडले गेले.

सारांश, गाव तेच राहते. त्याच्या वतीने बोलणारे आसन मात्र पालटत जाते. त्या आसनाचा इतिहास आधी व भाषणांची गणना नंतर, हाच क्रम संशोधकाने स्वीकारणे इष्ट होय.