संदर्भसूची: ग्रँट डफच्या तळटिपांपासून आपल्या पेपरपर्यंत

सक्करदऱ्याहून, नेहमीप्रमाणे मीच बोलतोय. कॉलेजच्या रिसर्च पेपरचे दिवस आहेत आणि सगळ्यांचा वैताग एकच: संदर्भसूची. आडनाव आधी की नाव आधी? साल कंसात की शेवटी? एका स्वल्पविरामासाठी मार्क कापतात काहून? आज याच प्रश्नाचा इतिहास बघू. गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे आणि तिच्यात एक कॉलेजचा पोरगाही आहे.

साल १८२६. लंडनमध्ये मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड छापून आले. लेखक जेम्स ग्रँट डफ. पेशवाई संपल्यावर, म्हणजे १८१८ पासून, हा साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता. त्यामुळे बखरी, दफ्तरं, घराण्यांचे कागद त्याच्या हाताशी आले. पानाखाली तो तळटिपा देतो: ही माहिती अमुक बखरीतली, ती तमुक कागदातली. काही हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या, असंही सांगतो. ही संस्था म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने लिंक दिली होती.

पण ही लिंक पुढे तुटली. नंतरच्या अभ्यासकांनी शोधलं, तर त्या नकला तिथे सापडेनात. पुस्तक समोर आहे, तळटीपही आहे, पण पडताळायचं कशावरून?

१८६० च्या दशकाच्या शेवटी नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्याने पुण्यात तरुणांच्या सभेत एक निबंध वाचला. विषय: ग्रँट डफच्या इतिहासावर टीका. तो पुढे ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात छापून आला. विचार करा, राज्य इंग्रजांचं, पुस्तक इंग्रज अधिकाऱ्याचं, आणि कॉलेजातला पोरगा त्यातल्या उणिवा दाखवतोय. मूळ मराठी साधनं आपणच गोळा करून छापली पाहिजेत, या विचाराने इथून जोर धरला. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघालं आणि जुने कागद, बखरी छापून लोकांसमोर येऊ लागल्या.

मग आले वि. का. राजवाडे. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रं आहेत. असे एकूण २२ खंड झाले. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे पत्रांना त्यांनी क्रमांक दिले: लेखांक. त्यामुळे आजही कोणी खंड आणि लेखांक एवढंच लिहिलं तरी दुसरा माणूस थेट त्या पत्रावर पोचतो. पुस्तक पुन्हा छापलं, पानं पुढेमागे झाली, तरी पत्ता बदलत नाही.

कागदांची सोय झाली, पण छापील पुस्तकांचं काय? मराठीत काय काय छापलंय, हे एका जागी कुठे मिळेल? हे काम शंकर गणेश दाते यांनी अंगावर घेतलं. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड १९४३ मध्ये आला. त्यात १८०० ते १९३७ या काळातली पुस्तकं आहेत. दुसरा खंड १९६१ चा, १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा. दोन्ही मिळून २५ हजारांहून जास्त नोंदी! ना कॉम्प्युटर, ना सर्च. लेखक, नाव, प्रकाशन, साल, असं एकेक पुस्तक नोंदवत जायचं. आपल्याला वीस नोंदी करताना घाम फुटतो, बाप्पा!

आता आपल्या नागपूरकडे या. समजा तुम्ही भोसल्यांवर पेपर लिहिताय. मग य. मा. काळे यांचं पुस्तक लागणारच. त्याची नोंद अशी: काळे, यादव माधव. नागपूर प्रांताचा इतिहास. नागपूर, १९३४. यातला एकेक तुकडा कामाचा आहे. आडनाव आधी, कारण यादी आडनावाने लागते. मधे स्वल्पविराम, कारण त्याशिवाय कोणतं नाव आणि कोणतं आडनाव ते कळत नाही. १९८५ मध्ये आलेलं बिबटेक्स हे संदर्भसूचीचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात ‘काळे यादव माधव’ असं बिनस्वल्पविरामाचं टाकलं, तर ते शेवटचा शब्द पकडतं आणि माधव हेच आडनाव करून टाकतं.

साल आणि आवृत्ती का? नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याचा नागपूर राज्यावरचा अहवाल १८२७ चा. तो पुढे पुन्हा छापला गेला. कोणती प्रत बघितली ते लिहिलं नाही, तर तुमचा पान नंबर वाया. जुन्या मराठी पुस्तकावर फक्त शके असेल, तर ७८ मिळवा. जानेवारी ते पाडव्यापर्यंतचा महिना असेल तर ७९.

स्पेलिंगही जसं छापलंय तसंच ठेवा. जेन्किन्सच्या शीर्षकात नागपूरचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं नाही. आपलं सक्करदरा कुठे शकरदरा म्हणून सापडतं, कुठे शक्करदरा. तुम्ही सुधारून लिहिलंत, तर शोधणाऱ्याला ते पुस्तक मिळणारच नाही.

आणि हो, एआयकडून संदर्भ मागत असाल तर प्रत्येक पुस्तक स्वतः उघडून बघा. लेखक खरा, साल बरोबर वाटतंय, फॉरमॅट एकदम चकाचक, पण पुस्तकच अस्तित्वात नाही, असं होतं. ग्रँट डफचे कागद निदान एकेकाळी होते तरी!

तर स्वल्पविरामाचे मार्क यासाठी असतात. तुमचं म्हणणं चूक आहे असं ज्याला वाटतं, त्यालाही तुमच्याच सूचीवरून मूळ पानापर्यंत जाता आलं पाहिजे. कीर्तन्यांसारखा एखादा पोरगा किंवा पोरगी उद्या तुमचा पेपर तपासायला बसेल, तेव्हा त्यांना हा रस्ता सापडू द्या.

पेपर लिहिताना कुठे अडलात तर विचारा. भेटू पुढच्या भागात!