भंगारात निघालेली अमानत

कुंभार पिंपळगावसारख्या गावात भंगारवाल्याची हाक कुणाला नवी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, जालन्यात, भंगार लोखंड वितळवून सळई बनवणारे कारखाने आहेत. या धंद्यात आपली कितीतरी माणसं आहेत, म्हणून मायापुरीची हकीकत आपण विसरू नये असं मला वाटतं.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने 1970 च्या सुमारास गॅमा किरणांचं यंत्र आणलं. आत कोबाल्ट-60 होतं. आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं 1983 मध्ये, म्हणजे यंत्रानंतर दहाहून अधिक वर्षांनी. 1985 पासून यंत्र बंद पडून राहिलं. फेब्रुवारी 2010 मध्ये विद्यापीठाने ते भंगारात लिलाव केलं. मायापुरीच्या बाजारात कामगारांनी ते फोडलं. किरणांना ना रंग, ना वास. काही जण गंभीर आजारी पडले, एक कामगार दगावला.

कोबाल्ट-60 ची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. चाळीस वर्षांनी मूळच्या एक टक्काही उरत नाही. तेवढ्यानेही जीव गेला.

इतर जुन्या सामानासारखं किरणोत्सारी वस्तूचं निर्लेखन करून लिलाव करता येत नाही. नियामक मंडळाची परवानगी लागते. पण त्यासाठी कपाटात काय आहे हे कुणाला तरी ठाऊक हवं. शाळा असो वा विद्यापीठ, प्रयोगशाळेचं डेडस्टॉक रजिस्टर ही अमानत आहे. जाणाऱ्या शिक्षकाने ती येणाऱ्याला नीट समजावून सोपवावी. शिकलेल्यांनी नोंद ठेवली नाही, तर किंमत न शिकलेले हात मोजतात.