सायकलच्या हँडलला अडकवलेला रेडिओ

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक तरुण श्रोते आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "सर, आम्ही सहा-सात जण सायकलवरून कोकणात जातोय, तंबूत राहणार आहोत. बरोबर एक छोटा रेडिओ न्यावा म्हणतो. कुठला घ्यावा?" तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला असा प्रश्न कुणी विचारला की तो आधी सुखावतो आणि मग उत्तर द्यायला तासभर घेतो. तो तास आज घेत आहोत.

प्रश्न वरवर खरेदीचा आहे. पण "कुठला रेडिओ" असे विचारताना आपण दोन गोष्टी ठरवत असतो. घरापासून लांब गेल्यावर आपल्यापर्यंत काय पोहोचावे, ही एक. आणि ते पोहोचण्यासाठी आपण कुणावर अवलंबून राहायचे, ही दुसरी. हातात धरण्याच्या रेडिओचा सगळा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो. आम्हाला हे पुस्तकातून समजले नाही, १९७१ सालच्या डिसेंबरात शिरवळच्या रस्त्यावर समजले. त्याकडे येऊच.

आधी थोडे मागे जाऊ. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळचा रेडिओ म्हणजे घरातले फर्निचरच. आत काचेचे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमधली तार तापली पाहिजे, तरच तो काम करणार. म्हणजे तार तापवायला एक बॅटरी आणि शिवाय साठ-सत्तर किंवा नव्वद व्होल्टची दुसरी, जाडजूड बॅटरी. व्हॉल्व्हचे 'पोर्टेबल' संच होते, नाही असे नाही. पण ते पोर्टेबल म्हणजे ट्रंक पोर्टेबल असते तसे. हमाल असला तर.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखवला; शॉकली त्यांच्या गटाचे प्रमुख. १९५६ चे नोबेल तिघांना मिळून मिळाले. गंमत अशी, की या शोधाचा पहिला घरगुती उपयोग झाला तो कर्णयंत्रांत. बेल कंपनीने कर्णयंत्रांसाठी परवाना शुल्कही माफ केले होते, कारण ग्रॅहम बेल यांचे आयुष्य बहिऱ्यांच्या शिक्षणात गेलेले. म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आधी, आणि नंतर आपल्यासारख्या नको इतके ऐकणाऱ्यांसाठी. १९५४ च्या ऑक्टोबरात 'रीजन्सी टीआर-१' आला. चार ट्रान्झिस्टर, साडेबावीस व्होल्टची बॅटरी, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. पाठोपाठ जपानची सोनी. १९५७ च्या त्यांच्या टीआर-६३ ची जाहिरात 'खिशात मावणारा' अशी होती. तो नेहमीच्या खिशात मावेना, म्हणून विक्रेत्यांना मोठ्या खिशाचे शर्ट शिवून दिले, ही गोष्ट त्या कंपनीचे लोकच सांगत. शब्द खोटा ठरू नये म्हणून वस्तुस्थिती शिवून घ्यायची! तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही हे उदाहरण पुष्कळ वर्षे वापरले.

आपल्याकडे या वस्तूला लोक रेडिओ म्हणतच नसत. तो 'ट्रान्झिस्टर'. आतल्या मटाराएवढ्या भागाचे नाव अख्ख्या पेटीला मिळाले. भोकाभोकांचे चामडी कव्हर, खांद्याला पट्टा, आणि पोस्टातून काढलेला परवाना. हो, परवाना! वर्षाची फी भरायची आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. आजच्या मुलांना वाटते आम्ही थट्टा करतो.

मग दुकानात पहिला प्रश्न यायचा, "किती बँडचा?" हा प्रश्न साधा नव्हता बरं का. एका बँडचा म्हणजे फक्त मीडियम वेव्हचा. स्वस्त, आणि जवळची केंद्रे देणारा. शॉर्ट वेव्ह असली की सिलोन लागायचे, बीबीसी लागायचे. १९५२ साली नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे आले. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचा कट्टर चाहता. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. हेतू वाईट नव्हता. लोकांची अभिरुची सुधारावी असे त्यांना मनापासून वाटत होते. लोकांनी काय केले? काटा फिरवला. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला १९५२ मध्येच सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावावर लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. यात केसकरांचा पराभव केला तो कुठल्या आंदोलनाने नाही, एका फिरत्या बटणाने.

याची उलट बाजूही पाहा. जर्मनीत १९३३ साली सरकारने 'लोकांचा रेडिओ' काढला. खूप स्वस्त. त्याचा क्रमांक ३०१, कारण हिटलर ३० जानेवारीला चान्सलर झाला! जवळची, म्हणजे सरकारी केंद्रे त्यावर उत्तम लागत. लांबची धरणे अवघड. पुढे महायुद्ध सुरू होताच परदेशी केंद्र ऐकणे हा गुन्हाच ठरला. स्वस्त आणि सोयीचा रेडिओ कुणाच्या सोयीचा असतो, हे दुकानात विचारायची पद्धत नाही. विचारावे असे आम्हाला वाटते. आणीबाणीत आपल्याकडेही कितीतरी घरांत रात्री हळू आवाजात शॉर्ट वेव्ह लागायची, ते आमच्या पिढीने पाहिले आहे.

आणि हलवता येणारी नभोवाणी म्हणाल, तर मुंबईतच १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत. ४२.३४ मीटरवर. पोलीस लहरींचा माग काढत होते, म्हणून प्रक्षेपकाची जागा पुन्हा पुन्हा बदलायची, या घरातून त्या घरात. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या. इथे 'नेता येणे' ही चैन नव्हती.

आता १९७१. आम्ही पुण्यात शिकत होतो. चौघे मित्र, चार सायकली, बेत असा की पुण्याहून वाई, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर. तंबू म्हणजे एक ताडपत्री आणि दोर. एका मित्राने बुधवार पेठेतून नवा ट्रान्झिस्टर घेतला होता. देखणा, छोटा, पेन्सिल सेलवर चालणारा. आम्ही मोठा घ्यावा म्हणत होतो, टॉर्चच्या जाड सेलवर चालणारा. तो म्हणाला, "ते धूड सायकलवर कोण वाहणार?" मुद्दा रास्त होता. आम्ही गप्प बसलो.

शुक्रवारी, ३ डिसेंबरला पहाटे निघालो. रेडिओ त्याच्या हँडलला अडकवलेला. कात्रजच्या घाटात एक मजा लक्षात आली. वळण आले की गाणे बारीक व्हायचे, पुढच्या वळणावर परत मोठे. आम्हाला वाटले सेल सैल आहेत. कारण वेगळे होते. मीडियम वेव्हसाठी या पेटीत एक काळी कांडी असते, फेराइटची, तिच्यावर तार गुंडाळलेली. केंद्राकडे तिची बाजू असली तर ती लहर चांगली पकडते, टोक असले तर जवळजवळ नाही. घाटात सायकल वळते, तशी कांडी वळते. शिवाय शेजारी लोखंडी हँडल. ज्यांना आज प्रयोग करायचा असेल त्यांनी मीडियम वेव्ह लावून रेडिओ हातात गोल फिरवून पाहावा. आवाज सगळ्यात कमी होतो तेव्हा कांडीचे टोक केंद्राच्या दिशेला असते. दिशा शोधणारी यंत्रे याच तत्त्वावर चालत.

संध्याकाळी वाईला पोहोचलो, घाटाजवळ ताडपत्री बांधली. चहाच्या हॉटेलात गर्दी. पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले होते. आमचा रेडिओवाला मित्र एकदम गप्प झाला. त्याचा मोठा भाऊ नौदलात, मुंबईला. पंतप्रधान बोलणार असे कळले आणि आम्ही रेडिओ चालूच ठेवला. दहा वाजले, अकरा वाजले. इंदिराबाई कलकत्त्याहून दिल्लीला परतून मध्यरात्रीनंतर बोलल्या. रात्री मीडियम वेव्ह लांबून येते, वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन. त्यामुळे एका केंद्रावर दुसरे चढत होते, मधेच कुठली तरी अनोळखी भाषा. आवाज टिकवायला आम्ही बटण वाढवत गेलो आणि पहाटेपर्यंत सेलांनी मान टाकली.

सकाळी परत फिरायचे ठरले. सुरूर फाट्याला सेल काढून दगडावर उन्हात ठेवले. हसू नका. थंडीत मंदावलेला सेल ऊब मिळाली की थोडा जीव धरतो. त्यातून पाचेक मिनिटे मिळाली, तीही सनईची! खंबाटकी चढून शिरवळपर्यंत चार दुकानांत पेन्सिल सेल मागितले. कुणाकडेच नव्हते. टॉर्चचे जाड सेल मात्र सगळ्यांकडे, कारण ते शेतकऱ्याला लागायचे. मित्र काही बोलत नव्हता, नुसता पुढे जात होता. आम्हाला आदल्या दिवशीचा वाद जिंकल्याचा आनंद झाला असेल असे तुम्हाला वाटेल, अजिबात नाही.

शिरवळला पंक्चर काढणाऱ्या एका माणसाने ती पेटी उघडून पाहिली आणि विचारले, "यात सेल किती?" चार. "टॉर्चच्या सेलाचे व्होल्ट किती?" दीडच, पेन्सिल सेलाचेही दीड. म्हणजे चार एकापुढे एक लावले की सहा व्होल्ट, लहान काय नि मोठा काय. आकार टिकण्याचा, व्होल्ट तेवढेच. फिजिक्स शिकलेले दोन जण आमच्यात होते, त्यांना हे सुचले नव्हते. त्याने चार जाड सेल वर्तमानपत्रात गुंडाळले, जुन्या ट्यूबच्या रबराने आवळले, दोन तारा आत खुपसल्या. रेडिओ बोलू लागला. पैसे त्याने फक्त सेलांचे घेतले, तेही शेजारच्या दुकानदाराला द्यायला. आणि बातम्या ऐकायला आमच्यापेक्षा तोच जास्त वाकून उभा होता. आसपासची बारा-पंधरा माणसेही जमली. विमानांच्या बातम्या होत्या, सरहद्दीच्या होत्या. नौदलाविषयी अक्षर नाही. मित्राने पूर्ण बातमीपत्र ऐकले, मग ते सेलांचे भेंडोळे कॅरिअरला बांधून म्हणाला, "चला."

म्हणून आता त्या तरुण श्रोत्यांना उत्तर. पहिली गोष्ट, वाटेतल्या शेवटच्या टपरीवर जो सेल मिळेल त्या सेलाचा रेडिओ घ्या. आज तो पेन्सिल सेल आहे, काळ बदलला. आत बसवलेली, न निघणारी बॅटरी असेल तर मोबाइलबरोबर तीही त्याच दिवशी संपणार. हाताने फिरवायच्या दांड्याचा मिळाला तर उत्तम. नव्वदच्या दशकात ट्रेव्हर बेलिस या इंग्रज गृहस्थांनी चावीचा रेडिओ काढला तो आफ्रिकेतल्या खेड्यांत एड्सची माहिती पोहोचावी म्हणून, आणि आता तो सहलीच्या सामानात असतो. दुसरी गोष्ट, नुसत्या एफएमवर भागवू नका. एफएमची लहर सुमारे तीन मीटरची, ती डोंगर ओलांडत नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर खणखणीत, खाली दरीत खरखर. मीडियम वेव्हची लहर शेकडो मीटरची, पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झची जवळजवळ ३७९ मीटर. ती टेकडीला वळसा घालून येते. मात्र मोबाइलचा चार्जर आणि एलईडीचे दिवे जवळ ठेवू नका, त्यांची गुणगुण नेमकी याच पट्ट्यात शिरते. बटण गोल, हातमोज्यातूनही फिरणारे असावे. चालत्या सायकलवर दोन्ही कानांत बोळे घालून ऐकू नये, मागून एसटी येत असते. आणि गडावर मोठ्याने लावू नये. आमच्या काळी हा गुन्हा आम्ही केलेला आहे, त्यामुळे अधिकाराने सांगतो.

मोबाइल असताना हे कशाला, असे कुणीतरी विचारणारच. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, आणि तुम्ही कुठे आहात हे त्याला कळावे लागते. रेडिओला तुमचा पत्ता लागत नाही. तो ऐकणाऱ्याला ओळखत नाही. आमच्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे, पण त्यावर स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल.

मित्राच्या भावाचे पत्र महिनाअखेरीस आले. तो सगळा वेळ किनाऱ्यावरच्या भांडारात होता आणि घरचे काळजी करत असतील हे त्याच्या ध्यानातही नव्हते. मित्राने तो रेडिओ पुढे पुष्कळ वर्षे वापरला. शिरवळच्या त्या दोन तारा त्याने काढल्या नव्हत्या; मागच्या झाकणाला त्यांच्यासाठी तापलेल्या खिळ्याने एक भोक पाडून घेतले होते.